बंद पडलेले धूळशोषक यंत्र : खंडित मंडलाचा शोध

माळ्यावर अनेक वर्षे पडून राहिलेले एखादे जुने धूळशोषक यंत्र, म्हणजेच व्हॅक्यूम क्लीनर, खाली काढावे, प्लग जोडून बटन दाबावे आणि यंत्राने हूं की चूं करू नये, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी मोटार जळाली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः दोष बहुधा याहून साधा असतो.

इंग्लंडमधील ह्यूबर्ट सेसिल बूथ यांचे १९०१ सालचे यंत्र एवढे मोठे होते की, ते घोडागाडीवरून आणून घराबाहेर उभे करीत व लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा व उशीचा अभ्रा यांपासून हलके यंत्र तयार केले. १९०८ साली त्यास एकस्व मिळाले. तेव्हापासून बाह्य रूप पालटत गेले, तरी मोटारीने पंखा फिरवावा व पंख्याने हवा ओढावी, हे तत्त्व कायम राहिले.

प्रवाहाचा मार्ग

या यंत्रांतील मोटारीत विद्युत्प्रवाह प्लगच्या एका तारेतून येतो. बटन, स्थिर वेटोळे, कार्बनाचा एक ब्रश, फिरणारे आर्मेचर व दुसरा ब्रश असा प्रवास करून तो दुसऱ्या तारेने परत जातो. हे सर्व भाग एकापुढे एक जोडलेले असतात. रहाटाच्या माळेचा एक दुवा तुटला की सारी माळ थांबते, त्याचप्रमाणे मंडल एके ठिकाणी खंडित झाले की मोटार निश्चल होते. तेव्हा तुटलेला दुवा बाहेरून आत, क्रमाने शोधावा.

तपासणीचा क्रम

१. यंत्रावरील पट्टीवर लिहिलेला दाब प्रथम वाचावा. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. ११० व्होल्टसाठी बनविलेले यंत्र त्यास थेट जोडल्यास जळण्याचा धोका असतो.

२. त्याच खोबणीत टेबलावरचा दिवा लावून पाहावा. तो न लागल्यास दोष यंत्रात नसून खोबणीत वा घरच्या फ्यूजमध्ये आहे.

३. यापुढील प्रत्येक परीक्षा प्लग काढूनच करावी. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही. प्लगच्या दोन मुख्य खिळ्यांना रोधमापक जोडून यंत्राचे बटन चालू स्थितीत ठेवावे. काही ओहम रोध दिसल्यास मंडल अखंड आहे, असे समजावे. मग पंखा हाताने फिरवून पाहावा, कारण जुने वंगण घट्ट होऊन आस अडकलेला असू शकतो. काटा मुळीच न हलल्यास मंडल कोठेतरी तुटले आहे.

४. दोरी वाकवीत काट्याकडे पाहावे. तार बहुधा प्लगजवळ किंवा यंत्रात शिरते तेथे तुटते. जुन्या दोरीचे रबर कडक होऊन भेगाळलेले असल्यास पट्टी गुंडाळू नये, संपूर्ण दोरीच बदलावी.

५. दोरी निर्दोष असल्यास बटनाचे स्पर्शबिंदू तपासावेत. ते काजळून प्रवाह अडवितात.

६. यानंतर कार्बनाचे ब्रश पाहावेत. ते स्प्रिंगच्या दाबाने आर्मेचरवरील तांब्याच्या पट्ट्यांना टेकलेले असतात व वापराने झिजतात. एकच ब्रश फार आखूड झाला किंवा धुळीमुळे खाचेत अडकला, तरी स्पर्श तुटतो व मोटार थांबते. तांब्याच्या पट्ट्या काळवंडल्या असल्यास अतिशय बारीक काचकागदाने पुसाव्यात.

एवढे करूनही मंडल जुळले नाही, तर वेटोळ्यातील तार तुटली असण्याचा संभव असतो. ते काम कुशल कारागिराकडे सोपवावे.

चालू झाले म्हणजे निर्धोक झाले काय?

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयाची आहे. मोटार फिरू लागली, याचा अर्थ मंडल पूर्ण झाले एवढाच. आतील जीर्ण आवरणातून उघडी पडलेली तार धातूच्या कवचास टेकलेली असली, तरीही मोटार फिरू शकते. जुन्या यंत्रांना पुष्कळदा केवळ दोन तारांची दोरी असे. भूमीशी जोडणारी तिसरी तार नसल्याने असा दोष डोळ्यांना दिसत नाही व फ्यूजही वितळत नाही. मग कवचास हात लावणारा मनुष्यच प्रवाहाची वाट बनतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे असणाऱ्यास हा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

म्हणून यंत्र पुन्हा वापरात आणण्यापूर्वी प्लगचे मुख्य खिळे व धातूचे कवच यांमधील निरोध ५०० व्होल्टच्या मेगरने जाणकाराकडून मोजून घ्यावा. तो १ मेगओहमपेक्षा कमी भरल्यास यंत्र वापरू नये. कवच धातूचे असल्यास तीन तारांची दोरी बसवून तिसरी तार कवचास पक्की जोडून घ्यावी.

सारांश, मंडल जेथे जुळावयास हवे तेथे ते जुळलेले असावे आणि जेथे जुळता कामा नये तेथे ते अलग असावे. या दोन्ही गोष्टींची खात्री पटली, म्हणजेच दुरुस्ती पूर्ण झाली.