शेळीचे दूध प्यायचे, तर उकळूनच

पावसाळ्यात वस्तीत डेंग्यूचा एखादा रुग्ण निघाला की शेळीच्या दुधाला एकदम भाव येतो. "प्लेटलेट वाढतात, पण कच्चंच प्यायचं, उकळलं की गुण जातो," असे कोणीतरी सांगते. मग आई उसनवारी करून वाटीभर दूध आणते आणि आजारी लेकराला तसेच पाजते. घरोघरी फिरताना आम्ही हे वरचेवर पाहतो.

शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात, हे सिद्ध झालेले नाही. डेंग्यू ओसरला की त्या बहुधा आपोआप वाढतात आणि श्रेय दुधाला मिळते. कच्च्या दुधातून मात्र ब्रुसेला नावाचा जंतू पोटात जाऊ शकतो. याचा ताप चढतो-उतरतो, घाम सुटतो, कंबर व सांधे दुखतात, अंगात त्राण राहत नाही. तो बऱ्याचदा काही आठवड्यांनी येतो, तोवर दूध प्यायल्याची आठवणही राहत नाही. मलेरिया, टायफॉईड समजून औषधे चालू राहतात आणि रोजी बुडते ती वेगळीच.

"आमची शेळी तर धडधाकट आहे," असे भगिनी म्हणतात. माल्टा बेटावरच्या शेळ्याही धडधाकटच दिसत. तिथे ब्रिटिश सैनिक या तापाने हैराण होते. १९०५ मध्ये डॉ. झामिट यांना हा जंतू तिथल्या शेळ्यांमध्ये सापडला. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केले आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने कमी झाला. बेटावरची गरीब जनता तेच दूध पीत राहिली आणि आजारी पडत राहिली. माहिती ज्यांच्यापर्यंत पोचते, तेच वाचतात. म्हणून हे शेजारणीलाही सांगा.

काय करायचे?

१. दूध गाईचे, म्हशीचे वा शेळीचे असो, खळखळून उकळा. उकळल्याने दुधाची ताकद जात नाही.

२. दही उकळलेल्या दुधाचेच लावा. कच्च्या दुधाचे दही, पनीर, चीज खाऊ नका. उघड्यावर विकले जाणारे पनीर नीट शिजवूनच खा.

३. उकळलेले दूध झाकून ठेवा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढेच आणा. नासलेले दूध पुन्हा उकळून वापरू नका. काही जंतूंचे विष उकळूनही टिकते.

४. शेळी गाभडली तर पिल्लू किंवा वार उघड्या हाताने उचलू नका. गरोदर बाईने तिथे जाऊच नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

५. ताप हटत नसेल तर कच्चे दूध प्यायल्याचे किंवा घरी शेळ्या असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यावरून ते रक्ताची योग्य तपासणी सांगतील. ब्रुसेलाचे औषध साधारण सहा आठवडे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले की ताप उलटतो.

डेंग्यूच्या रुग्णाला वेळेवर दवाखान्यात न्या, पाणी, पेज भरपूर द्या. दूध द्यायचे असेल तर आधी चुलीवर ठेवा.