कोणाकडे आली वं बाई?

छोटे, तू पाठवलेला तो व्हिडिओ मी नीट पाहिला. युरोपातल्या कुठल्याशा शहरात एक मुलगी भर चौकात एकटीच हिंडतेय, वाटेल तिथे थांबतेय, कारंज्याच्या काठावर बसून खातेय. खाली तू लिहिलंस, ‘आपल्या बुलढाण्यात हे या जन्मात होणे नाही.’ ते वाचून जिवाला लागलं गं. म्हणून बोलतेय.

तिथलंही सगळं आपसूक झालेलं नाही. कोपनहेगनच्या मध्यवस्तीतला स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीच विरोध केला होता. आपल्याकडे तसा रस्ता नाही, आणि फुटपाथ असला तरी त्यावर मोटारसायकली उभ्या असतात, हे मला मान्य. पण खरं सांग, तुझं पाऊल काय फुटपाथपायी अडलंय? तुला धास्ती आहे ती ‘कोणाकडे आली वं बाई? एकलीच?’ या प्रश्नाची.

ही धास्ती तुझ्या एकटीची नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं, तेही मुंबईबद्दल. तिथल्या बाईलासुद्धा रस्त्यावर आपण कामानेच निघालोय असं दाखवत राहावं लागतं, हे त्यांनी मांडलं. पुरुष पानटपरीपाशी तासभर उभा राहिला तरी त्याला कुणी काम विचारत नाही. आणि आनंदीबाई जोशी? अमेरिकेला जाण्याआधी, १८८३ साली, बंगालातल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं. मुंबईत शाळेत जाताना लोक कसे हसायचे, खडे मारायचे, ते त्यांनी भर सभेत सांगितलं. त्या मानाने तुझ्या वाट्याला फार तर एक प्रश्न येईल, बाळा.

माझं ऐकशील? एकटीने हिंडायची सुरुवात शेगावपासून कर. मार्च २०२३ पासून आपल्याला, बायकांना, एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घे. शेगावात एकट्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही, कारण ‘महाराजांच्या दर्शनाला आले’ एवढं पुरतं. १८७८ साली गजानन महाराज तिथे पहिल्यांदा दिसले, तेव्हापासून माणसांचा ओघ थांबलेला नाही. दर्शन झालं की लगेच स्टँड गाठू नकोस. मंदिराच्या आवारात निवांत बस. बाहेर रस्त्यावर हार, प्रसाद, पितळी मूर्ती, सगळं बघत रमतगमत चाल. मग कचोरी खा. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मांनी ती शेगावच्या रेल्वे स्टेशनवर सुरू केली. मुगाच्या डाळीची, सोबत तळलेली मिरची. पुडीत बांधून घेऊ नकोस. तिथेच, बाकावर बसून खा, सावकाश.

पण शेगावात देवाचं निमित्त असतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला खामगावला जा. शेगावपासून वीसेक किलोमीटर आहे, आणि तिथे तुझ्याजवळ कुठलंच निमित्त नसेल. मला तुला तिथेच पाठवायचंय. जमलं तर जलंबहून खामगावला जाणाऱ्या आगगाडीने जा. तेरा किलोमीटरचा हा फाटा १८७० साली कापसासाठी टाकला, इतका मोठा इथला कापसाचा बाजार होता. पुढे चांदीनेही गावाचं नाव केलं, रजतनगरी म्हणतात ती उगाच नाही. सराफ्यात हळूहळू हिंड. समया, ताटं, देवांच्या मूर्ती, पैंजण. आवडलं तर दुकानात शीर आणि ‘बघायला आले’ असं सरळ सांग. घासाघीस करायची नाही, घ्यायचंही नाही, म्हणून मान खाली घालू नकोस. चांगल्या कारागिराला त्याचं काम कुणी डोळे भरून बघितलेलं आवडतं. कोजागिरीच्या सुमारास गेलीस तर फारच छान. सगळीकडचं नवरात्र आटोपतं, तेव्हा खामगावात मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. गर्दी खूप असते, पण बायकापोरींची असते.

आता काही गोष्टी थोरली म्हणून सांगते. सकाळी निघ, आपलं ऊन तुला ठाऊक आहे, उन्हाळ्यात अकरानंतर रस्त्यावर थांबू नकोस. डोक्याला रुमाल, पायात जुनी सवयीची चप्पल, पर्समध्ये सुटे पैसे. पाणी कमी पिऊन दिवस काढायचा, ही आपल्या आया-मावश्यांची जुनी सवय तू लावून घेऊ नकोस. त्यापेक्षा स्वच्छतागृह कुठे आहे ते पोचल्या पोचल्या विचार. विचारायला लाजतेस, म्हणून मुद्दाम सांगतेय. परतीची शेवटची गाडी आधीच विचारून ठेव. कुणी मागे मागे येतंय असं वाटलं तर बाई बसलेली असेल अशा दुकानात शीर, मोठ्याने बोल, आणि ११२ लावायला कचरू नकोस. तुझ्या मनाने धोका म्हटलं की तो खरा मान. मात्र नुसतं कुणी बघतंय म्हणून चालायचा वेग वाढवू नकोस. हॉटेलात गेलीस की पडद्यामागच्या फॅमिली खोलीत नको, रस्ता दिसेल अशा टेबलाशी बस. एक चहा, आणि मोबाईल पर्समध्ये. पहिली दहा मिनिटं जड जातील. हात कुठे ठेवावे कळणार नाही, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटेल. उठू नकोस. चहा संपेस्तोवर त्यांचं बघणं संपतं, आणि मग तुला बाजार दिसायला लागतो.

घरी कुठे चाललीस ते सांगून जा, पण परवानगी मागितल्यासारखं नको. आई विचारेलच, ‘खामगावात काय काम काढलं?’ मैत्रिणीचं लग्न, झेरॉक्स, बँक, असलं काही रचू नकोस. ‘फिरायला चालले’ म्हण. ती ओरडली तर मला फोन लाव, तिच्याशी मी बोलेन.