पटाची जोडी : हौसेची आणि धंद्याची

धान निघाले, खळे आटोपले, की आपल्या झाडीत शंकरपटाचे वारे सुटते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, सगळीकडे तेच. घरोघरी पाहुणे. दिवसा पट, रात्री नाटक. सोयरिकीही तिथेच जुळतात. आम्ही मास्तर होतो तेव्हा पटाच्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा असे. खरे सांगायचे तर शाळा सुटल्यावर मास्तरही पटावरच!

हलकी छकडी, दोन बैल, वर एक धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळते. काही सेकंदांचा खेळ.

पण जोड्या दोन तऱ्हेच्या. एक हौसेची. ती घरच्या कामाची जोडी. हरली तरी पावसाळ्यात बांधीत चिखलणीला तीच लागणार. म्हणून धनी तिला जपतो. दुसरी धंद्याची. ती पटासाठीच विकत घेतलेली, धुरकरी पैशाने आणलेला. ती हरली की पैसा बुडतो. मग तुतारी टोचतात, शेपटी पिळतात. बैल बिचारा काय बोलणार? हौसेचा माणूसही कधी चेव आला की तेच करतो, हेही आम्ही पाहिले आहे.

विलायतेत घोडे कुंपणे, खंदक ओलांडत पळवतात. 1752 साली आयर्लंडात दोघांनी एका देवळाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या देवळापर्यंत अशी पैज लावली, असे सांगतात. तिथेही हौशी स्वार मोबदला घेत नाही, धंदेवाईक घेतो. ब्रिटनमध्ये अशा शर्यतीत चाबूक 7 वेळांहून जास्त मारला तर स्वाराला शिक्षा होते.

आपल्याकडे 7 मे 2014 रोजी सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. धंदेवाल्याबरोबर हौशीही घरी बसला. 2017 साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. 16 डिसेंबर 2021 रोजी कोर्टाने अटींवर परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांनी तो कायदा कायम ठेवला.

अटी अशा. कलेक्टरची परवानगी हवी. डॉक्टरने बैल तपासलेला हवा. धाव 1000 मीटरहून लांब नको. काठी, चाबूक, तुतारी चालत नाही. बैलाला छळले तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद.

परवानगीचा कागद पट भरवणाऱ्यांकडे असतो. जोडी जुंपण्याआधी तो मागा. आता वाचता येते, स्वतः वाचा.