जशी माती, तसे भांडे

चैत्र-वैशाखाचे दिवस आले की कसारा घाटाच्या पायथ्याचा मुलूख उन्हाने करपून जातो. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही विस्तीर्ण जलाशये आहेत. त्यांचे पाणी दूर मुंबई नगरीची तहान भागविते. परंतु घाटाच्या कुशीतील अनेक पाड्यांवरील स्त्रियांना उन्हाळ्यात डोईवर हंडा घेऊन दूरवर पायपीट करावी लागते. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी घरी आल्यावर कोठे विसावते? कोपऱ्यात ठेवलेल्या मातीच्या माठात.

माठात घातलेले पाणी थोड्याच वेळात गार होते. यात जादू नाही. माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरते व बाहेर आल्यावर त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते आणि पाणी शीतल होते. पाझरणे हा इतर भांड्यांचा दोष. माठाचा मात्र तो गुण होय.

हा गुण कुंभाराच्या श्रमातून येतो. तळ्याकाठची किंवा शेतातली चिकणमाती तो खणून आणतो. तिच्यातील खडे वेचून, तीत राख वा लीद मिसळून तो ती पायांनी तुडवितो. चाकावर घडा आकार घेतो. मग आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने कुंभार तो हलक्या हाताने चोपतो. सावलीत सुकलेले घडे आव्यात रचले जातात. गोवऱ्या, लाकूड व पालापाचोळा यांची आग त्यांना पक्केपणा देते. आव्यात हवा खेळती राहिली तर मातीतील लोहामुळे घडा तांबडा होतो. हवा कोंडून धूर आतच राहू दिला तर तोच घडा काळा होतो. माती एकच, पण अग्नीची तऱ्हा बदलली की रूप बदलते.

ही विद्या आपल्या भूमीत किती जुनी आहे? घाट चढून पलीकडे गेले असता प्रवरा नदीच्या काठी, संगमनेर तालुक्यात, जोर्वे नावाचे गाव लागते. १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शांताराम देव यांनी तेथे उत्खनन केले. जमिनीतून निघाली ती सोन्याची नाणी नव्हेत, तर खापरे! चाकावर घडविलेली, तांबूस रंगाची, काळ्या रेषांनी नटलेली आणि टिचकी मारताच धातूसारखी वाजणारी. तोटीची सुबक भांडीही त्यांत होती. पुढे भीमा खोऱ्यातील इनामगाव येथेही याच घडणीची भांडी मिळाली आणि ती भाजण्याची भट्टीही सापडली. आज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या भांड्यांना विद्वान ‘जोर्वे भांडी’ म्हणतात. ज्या हातांनी ती घडविली त्या माणसांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. पण खापरांमुळे एका लहानशा खेड्याचे नाव इतिहासात अमर झाले.

गावाच्या नावाने भांडी ओळखण्याची रीत जपान देशात आजही जिवंत आहे. तेथे बिझेन, सेतो, शिगाराकी, तोकोनामे, तांबा व एचिझेन ही सहा ठिकाणे प्राचीन भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहेत. बिझेनची माती भातखाचरांच्या तळातून काढतात. तिच्या भांड्यांवर चकाकणारा लेप दिलेला नसतो. कित्येक दिवस पाइन वृक्षाच्या लाकडांची धग सोसून ती दगडासारखी घट्ट होतात. भट्टीतील उडती राख त्यांच्यावर बसते. तीच त्यांची नक्षी. सेतोचे कुंभार भांड्यांना काचेसारखा लेप देण्यात निष्णात होते. त्यांची भांडी एवढी पसरली की जपानच्या बऱ्याच भागांत अशा कोणत्याही भांड्याला ‘सेतोची वस्तू’ असेच म्हणू लागले.

आरिता गावाची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. १५९२ ते १५९८ या काळात जपानी सैन्याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि तेथील अनेक कुंभारांना आपल्या देशात आणले. त्यांपैकी यी साम-प्योंग नावाच्या कुंभाराला आरिताजवळच्या डोंगरात एक विशेष पांढरा दगड सापडला, असे परंपरा सांगते. तो कुटून केलेल्या पिठापासून जपानमध्ये प्रथमच चिनी मातीची शुभ्र भांडी तयार होऊ लागली. ती इमारी बंदरातून परदेशी जात, म्हणून युरोपात ‘इमारी’ या नावाने गाजली. परमुलखात आणलेल्या त्या कुंभाराचे स्मारक आज आरिता येथील टेकडीवर उभे आहे.

बिझेनचे घट्ट भांडे श्रेष्ठ, की कसाऱ्याचा पाझरणारा माठ? हा प्रश्नच व्यर्थ आहे. बिझेनच्या भांड्यात कसाऱ्याचे पाणी तितके गार होणार नाही आणि आपल्या माठाला आरिताच्या पेल्याची शुभ्रता येणार नाही. जी माती पायांखाली आहे आणि जी गरज दारात उभी आहे, त्या दोहोंतून भांडे जन्मते.

भेद आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. शोजी हामादा या जपानी कुंभाराने माशिको नावाच्या खेड्यात राहून साध्या घरगुती वापराची भांडी घडविली. तो त्यांवर आपले नावही घालीत नसे. तरी १९५५ साली जपान सरकारने त्याच्या कलेला राष्ट्राचा ठेवा मानून त्याचा गौरव केला. आपला कुंभारही भांड्यावर नाव घालीत नाही. संक्रांतीची सुगडे तोच देतो, घटस्थापनेचा घट तोच देतो. लग्नात करवलीच्या हाती जो करा असतो, तोही मूळचा त्याच्याच चाकावरचा. पण बाजारात माठ घेताना त्याच्याशी थोड्याशा पैशांसाठी घासाघीस करणारे अनेक, त्याच्या कौशल्याची विचारपूस करणारे थोडे. प्लॅस्टिकची व धातूची भांडी आल्यापासून अनेक गावांतील चाके थांबली आहेत. एक चाक थांबले म्हणजे केवळ एक धंदा बुडत नाही. त्या गावच्या मातीची पारख करणारे हातही नाहीसे होतात.

पुढच्या वेळी माठातील गार पाण्याचा पेला ओठांशी न्याल, तेव्हा क्षणभर थांबा. त्या पाण्यात ते वाहून आणणाऱ्या मातेचे श्रम आहेत, तसेच ते गार करणाऱ्या कुंभाराचेही आहेत.

स्वाध्याय

१. माठातील पाणी गार का होते?
२. एकाच मातीचा घडा तांबडा किंवा काळा कशामुळे होतो?
३. ‘पाझरणे हा माठाचा गुण होय,’ असे लेखक का म्हणतो?
४. आपल्या गावी किंवा जवळच्या गावी कुंभार असल्यास त्याला भेटा. तो माती कोठून आणतो व भांडी कशी भाजतो, हे विचारून दहा ओळी लिहा. त्याचे नाव लिहिण्यास विसरू नका.