भिंतीतील गुप्त गळती आणि गवंड्याची नळी

नवे घर बांधून झाले, रंग लागला, माणसे राहावयास आली. आणि महिन्या-दोन महिन्यांत भिंतीवर ओलीचा डाग उमटला, असे पुष्कळ ठिकाणी घडते. मग डाग असेल तेथे छिन्नी लावून गिलावा फोडला जातो. आतील पाइप मात्र ठणठणीत निघतो! दुसऱ्या दिवशी आणखी चार फरशा उखडतात. हा खर्च आणि मनस्ताप बराचसा टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान, विद्यार्थी मित्रहो, तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

पाइपातून निसटलेले पाणी गुरुत्वामुळे खाली येते, हे खरे. पण वाटेत स्लॅब, विटांचे सांधे किंवा विजेच्या तारांची नळी लागली की ते आडवे पसरते. शिवाय वीट आणि गिलावा यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी केशाकर्षणाने वरही चढते. छिद्र जितके बारीक तितके पाणी अधिक उंच चढते, हा नियम जेम्स ज्युरिन यांनी १७१८ साली मांडला. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरून, ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रासाठी गणित करून पाहा. उंची सुमारे १.५ मीटर येते! भिंतीच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत असल्याने प्रत्यक्षात ओल सहसा इतकी चढत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते : डाग हा गळतीचा पुरावा आहे, पत्ता नव्हे.

आधी खात्री करून घ्या

नव्या घराच्या काँक्रीटमध्ये आणि गिलाव्यात बांधकामाचे पाणी कित्येक महिने राहते. तेव्हा प्रत्येक ओल म्हणजे गळती नव्हे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा व तारीख लिहा. आठवड्याने डाग रेघेच्या आत आला, तर भिंत वाळते आहे. तो रेघेबाहेर गेला, तर मात्र पाण्याचा पुरवठा कोठून तरी चालू आहे.

टाकीची साक्ष

गच्चीवरील टाकीचा तळ १ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे असे समजू. तिची पातळी १ मिलिमीटर उतरली, म्हणजे १ लिटर पाणी गेले. रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, घरातील सर्व नळ बंद करावेत, पातळीची खूण करावी आणि सकाळी पुन्हा मोजावे. दुसऱ्या रात्री टाकीतून निघणारे सर्व कॉकही बंद करून हीच कृती करावी. आताही पातळी उतरली, तर दोष टाकीतच आहे.

समजा, पाइपाला १ मिलिमीटर व्यासाचे भोक आहे आणि ते टाकीतील पातळीच्या ६ मीटर खाली आहे. टॉरिचेली यांच्या १६४४ सालच्या नियमानुसार पाण्याचा वेग √(२ × ९.८ × ६), म्हणजे सेकंदाला सुमारे १०.८ मीटर येतो. भोकातून बाहेर पडताना धार आकुंचन पावते. हे लक्षात घेतले तरी दिवसाला ४०० लिटरांहून अधिक पाणी जाऊ शकते. भोवतीच्या गिलाव्याच्या अडथळ्याने हा आकडा कमी होईल, पण टाकी ही गळती सहज पकडील.

टाकीतून अनेक शाखा निघत असतील, तर निम्म्या शाखा बंद करून पाहाव्यात, मग उरलेल्यांपैकी निम्म्या. गळती एकाच शाखेत असेल, तर आठ शाखांसाठी तीनच चाचण्या पुरतात.

गवंड्याची नळी

परंतु सेकंदाला एकच थेंब गळत असेल तर? २० थेंबांचे सुमारे १ मिलिलिटर होते. म्हणून दिवसभरात ४.३ लिटर. आपल्या टाकीत रात्रीतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांचा फरक! येथे गवंड्याची पारदर्शक नळी कामी येते. दोन भिंतींवर एकच पातळी आखण्यासाठी तो हिचाच उपयोग करतो.

संशयित शाखेचा कॉक आणि गीझर बंद करावा. शाखेतील सर्वांत खालच्या नळाला ही नळी घट्ट जोडून तिचे वरचे तोंड छताजवळ धरावे. नळ उघडून नळी वरपर्यंत पाण्याने भरावी आणि पाहत राहावे. नळीचा आतील व्यास ६ मिलिमीटर असेल, तर सेकंदाला एक थेंब गळतीने पाणी मिनिटाला सुमारे १० सेंटिमीटर उतरते. पाइपात हवा अडकली असल्यास हा वेग कमी दिसतो, म्हणून घाई करू नये.

आता खरी गंमत! पातळी उतरता उतरता एका उंचीवर थांबते. का बरे? पातळी भोकाच्या उंचीला आली, की भोकाजवळील पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाइतका होतो आणि पाणी बाहेर ढकलले जात नाही. म्हणजे नळीने भोकाची उंचीच सांगितली! पृष्ठताणामुळे एक-दोन सेंटिमीटरांची चूक संभवते. पाणी थेट नळापर्यंत उतरले, तर भोक नळाच्या उंचीला किंवा त्याखाली आहे. उंची कळली, पाइपाचा मार्ग ठाऊक असला, की एकदोन फरशांवरच काम भागते.

टाकी आणि नळी दोन्ही स्थिर असूनही डाग वाढत असेल, तर संशय सांडपाण्यावर घ्यावा. न्हाणीच्या जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर २ सेंटिमीटर पाणी २४ तास ठेवावे. ते कमी झाले, तर फरशीखालील जलरोधक थर सदोष असण्याचा संभव आहे. पाणी टिकले, पण वाहून जाऊ दिल्यावर ओल वाढली, तर दोष बाहेर नेणाऱ्या पाइपात शोधावा.

दोन सूचना

ओल्या भिंतीत विजेची बटणे असतील, तर तेथे हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. आणि गळतीकडे काणाडोळा करू नये. काँक्रीटमधील सळई गंजली, की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते व काँक्रीटला तडे जातात.

प्रत्येक मोजमाप तारखेसह वहीत लिहावे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार, ताबा घेतल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील असे दोष दाखवून दिल्यास विकासकाने ते ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. “भिंत ओली आहे” या तक्रारीपेक्षा “अमुक शाखेत, जमिनीपासून ८० सेंटिमीटरांवर, दिवसाला ४ लिटर” हे वाक्य अधिक वजनदार ठरते.

करून पाहा : प्लॅस्टिकच्या बाटलीला मधोमध टाचणीने भोक पाडा. तळाजवळ पारदर्शक नळी बसवून सांधा मेणाने बंद करा. बाटली भरून झाकण उघडे ठेवा. नळीतील पाणी कोठे थांबते? भोक मोठे केल्यास थांबण्याची उंची बदलते, की केवळ लागणारा वेळ? आधी अंदाज लिहा, मगच प्रयोग करा.