मांगर बांधण्याआधी

कुडाळ,
त्रिपुरी पौर्णिमा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. पाईनच्या फळ्यांची ती तयार खोली दिसायला झकास आहे, आणि दोन दिवसांत उभी होईल हेही खरं. पण तुला बागेत अवजारं, खतं नि फवारणीचा पंप ठेवायला मांगर हवाय. इथे तर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी मामाचं थोडं ऐक.

लाकूड भिजलं आणि चार दिवसांत वाळलं, तर त्याला फारसं काही होत नाही. ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली की कुजवणारी बुरशी तिथे धरत नाही. म्हणून सगळी अक्कल खर्च करायची ती पाणी साचू न देण्यात. पॉलिशचं नंतर बघू.

सुरुवात खांबांच्या बुडाशी कर. खांब मातीत पुरू नकोस आणि काँक्रीटमध्येही रोवू नकोस. मेस्त्री म्हणेल, काँक्रीटमध्ये घट्ट राहतो. पण उन्हाळ्यात लाकूड आकसतं, भोवती फट पडते, जूनमध्ये त्या फटीत पाणी उतरतं नि तिथेच बसून राहतं. वरून खांब खणखणीत, आत भुगा. चिऱ्याचं दीड फूट जोतं घे. जांभा पाणी पितो, म्हणून प्रत्येक खांबाखाली काळ्या दगडाची बैठक दे आणि खांब गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांनी जोत्यात जखडून घे. ही बैठक उघडी राहू दे. वाळवी मातीच्या नळ्या करत वर चढते; उघड्या दगडावर त्या दिसतात, झाडूने पाडता येतात. प्लॅस्टरच्या मागून चढली तर ती आढ्यापर्यंत पोचल्यावरच तुला कळेल. भिंतीला टेकून जळाऊ लाकडं रचायची नाहीत, हे गड्यालाही बजावून ठेव.

आता लाकूड. ‘साग आहे’ एवढ्यावर भुलू नकोस. कोवळ्या सागात पांढरा भाग जास्त, आणि पांढरा भाग कुठल्याही झाडाचा असो, वाळवी नि भुंगा तो खातातच. टिकतो तो गाभा. खांबांना ऐन किंवा किंजळ, दारं-फळ्यांना फणस चालेल. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात, पण या कामाला घेऊ नकोस. मला विचारशील तर जुन्या घराचं मोडीचं लाकूड शोध. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आता फारसं वाकायचं नाही. हातोडीने ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर सोडून दे; चाकूचं टोक सहज आत गेलं तरी सोड. पावती मात्र घे. आपल्याच जमिनीतला ऐन तोडायचा म्हटलास तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि ओलं लाकूड वाळायला वेळ जाईल तो वेगळाच. (अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं जुने लोक सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण वाद घालत बसू नकोस.)

फळ्यांची टोकं सर्वांत जास्त पाणी शोषतात. ती उघडी टाकू नकोस. बाहेरून ऑइल पेंटचा जाड थर नको. त्याला भेग पडली की पाणी आत शिरतं आणि रंगामागे अडकतं. काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला उत्तम, पण हातमोजे घालूनच लावायला सांग, अंगावर उततं.

छपराला पाखं अडीच फूट तरी बाहेर काढ, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. कौलांना उतार भरपूर ठेव, नाहीतर झडीचं पाणी उलटं वर चढतं. दार पश्चिमेला नको. वासे खांबांना बोल्टने बांधून घे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ समुद्रातूनच पुढे गेलं, तरी जिल्ह्यात किती घरांची छपरं उडाली ते तू ऐकलंच असशील. खिळे जस्ताचा मुलामा असलेले वापर. खतांची पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेव; खत ओल ओढतं आणि लोखंड खातं.

आणि ती तयार खोलीच घ्यायची असेल, तर विक्रेत्याला एक फळी आडवी कापून दाखवायला सांग. औषध दाबाने मुरवलेलं असेल तर त्याचा रंग आतपर्यंत गेलेला दिसतो. नुसतं ब्रशने लावलेलं असेल तर आत कोरं पाईन निघेल. कापायला तो तयार नसेल तर उठून ये. जोतं मात्र तेव्हाही लागेलच, ते त्याच्या दरपत्रकात नाही, मी पाहिलं.

मृगाआधी छप्पर चढवायचं तर लाकूड पौषातच बघायला लागूया. तू रविवारी आलास तर वाडीतल्या सुताराला घेऊन दोन-तीन ठिकाणी जाऊन येऊ. येताना दरपत्रक आण.

तुझा,
मामा