फास्टॅग किती दुरून वाचला जातो?

गोंदिया, तिरोडा, तुमसर करीत आपण भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलो की माथनीचा टोल नाका येतो. गाडीच्या काचेवरील फास्टॅग वरच्या अँटेनाने वाचला की पैसे आपोआप वळते होतात. कधी मात्र आडकाठी उघडत नाही आणि मागून हॉर्न सुरू होतात. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, "रीडरची शक्ती वाढवा म्हणजे झाले." तेवढ्याने भागेल का, ते आपण पाहू.

फास्टॅगमध्ये सेल नसतो. अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरींच्याच ऊर्जेवर त्यातील चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. रीडरचे कान कितीही तिखट असोत, चिपला पुरेशी ऊर्जा पोचली नाही तर ती बोलणारच नाही.

अंतराबरोबर ही ऊर्जा किती झपाट्याने विरळ होते, हे विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च भिंतीपासून एक मीटरवर ठेवा आणि बरोबर मध्ये, अर्ध्या मीटरवर, पोस्टकार्ड धरा. भिंतीवरील सावली लांबीला दुप्पट, रुंदीलाही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट भरेल. कार्डाने अडवलेला प्रकाश भिंतीवर चौपट जागेत पसरला असता. रेडिओ लहरींचेही तसेच. पल्ला दुप्पट हवा तर शक्ती चौपट लागते. शक्ती दुप्पट केली तर पल्ला जेमतेम १.४ पट होतो.

शिवाय शक्ती मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला झाला, तो प्रक्षेपकाची शक्ती १ वॉट आणि अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती ४ वॉट या मर्यादेत. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी गळती शोधतो. रीडर ते अँटेना या केबलमध्ये ३ डेसिबल घट असेल तर निम्मी शक्ती वाटेतच संपते. केबल आखूड व चांगली घातली, अँटेनाचा रोख टॅगकडे वळवला, की पुष्कळ काम होते. मग सेटिंग्ज. टॅगने प्रत्येक बिट अधिक आवर्तनांत, सावकाश पाठवावा असे रीडर सांगू शकतो. मिलर ४, मिलर ८ ही त्या पद्धतींची नावे. गोंगाटात आपण शब्द सावकाश उच्चारतो, तसेच हे. वाचन खात्रीचे होते, वेग मात्र घटतो.

आणि टोल नाक्यावर पल्ला अमर्याद नकोच असतो! शेजारच्या रांगेतील गाडीचा टॅग वाचला गेला तर पैसे भलत्याच्याच खात्यातून जायचे. तेथे अँटेना खाली झुकवून आपल्या रांगेपुरतीच शक्ती ठेवणे शहाणपणाचे.

पालकांच्या हाती असलेली बाब वेगळी आहे. टॅग काचेला आतून, आरशाच्या मागे, नीट चिकटवावा. धातूच्या पट्टीला लागून नको. काही काचांवर धातूचा पातळ थर असतो, तो लहरी अडवतो. अशा गाडीत टॅगसाठी सोडलेली जागा कंपनीच्या पुस्तिकेत पाहावी. टॅग हातात धरून दाखवण्याची सवय तर सोडावीच. हात लहरी शोषतो आणि टॅगचा रोखही बिघडतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जाहीर केले आहे.